रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात शिकायला निघताना: तयारीपासून पहिल्या परीक्षेपर्यंत

बिशपांनी बोलावून “पुढच्या वर्षी रोमला शिकायला जा” असं सांगितलेलं असतं, किंवा प्रोव्हिन्शियल सिस्टरांचं पत्र आलेलं असतं, किंवा ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) ओढ असलेल्या एखाद्या प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या, मुलीनं हा निर्णय स्वतःच घेतलेला असतो. वसईहून जा, पुण्याहून जा की गोव्याहून, पहिले काही महिने सगळ्यांची धावपळ सारखीच असते. हा लेख त्या धावपळीसाठी आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः पोंटिफिकल ग्रेगोरियन विद्यापीठ आहे. त्याला रोममध्ये सगळे नुसतं ‘ग्रेगोरियाना’ म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडून जाणाऱ्यांचं अडतं ते ईशज्ञानात नव्हे. पुण्याच्या ज्ञानदीप या ईशज्ञानाच्या संस्थेतून किंवा गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीतून तयार झालेला विद्यार्थी वर्गात कोणाच्या मागे राहत नाही. अडतं ते इटालियनवर. प्रवेश मिळाला, व्हिसा मिळाला, राहायची सोय झाली, तरी भाषा नसेल तर पहिलं सत्र नुसतं ऐकण्यात जातं. म्हणून या सगळ्या तयारीत जो वेळ आणि जे पैसे हाताशी असतील, त्यांचा मोठा वाटा भाषेवर घाला.

आधी विद्यापीठ नीट निवडा

रोममध्ये पोपच्या अधिकाराखालची विद्यापीठं एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ग्रेगोरियाना येशूसंघाचं, म्हणजे जेझुइटांचं. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५५१ साली कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी एका भाड्याच्या घरात शाळा उघडली. व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती शिकवण, तीही मोफत, अशी पाटी दारावर लावलेली होती. त्या शाळेचं ‘कोलेजियो रोमानो’ झालं. पोप ग्रेगरी तेरावे यांनी तिला मोठी इमारत बांधून दिली आणि त्यांच्याच नावावरून आजचं नाव आलं. आपण भिंतीवर लावतो त्या कॅलेंडरची १५८२ सालची दुरुस्ती याच पोपच्या आज्ञेनं झाली आणि तिच्या गणितामागे याच कॉलेजात शिकवणारे फादर ख्रिस्तोफर क्लाव्हियस होते. चीनला गेलेले मात्तेओ रिच्ची त्यांचेच विद्यार्थी. १८७० साली रोम इटलीच्या राज्यात गेलं, त्यानंतर जुनी इमारत सरकारनं ताब्यात घेतली. विद्यापीठ काही दशकं सेमिनारियो गल्लीतल्या बोरोमेओ वाड्यात चाललं आणि १९३० पासून ते पिआझ्झा देल्ला पिलोत्ता या चौकातल्या आजच्या वास्तूत आहे.

ग्रेगोरियानात ईशज्ञान, तत्त्वज्ञान, कॅनन लॉ (ख्रिस्तसभेचा कायदा), ख्रिस्तसभेचा इतिहास, अध्यात्म, मानसशास्त्र अशा वाटा आहेत. बायबलच्या मूळ भाषांत बुडी मारायची असेल तर समोरच्याच गल्लीत १९०९ साली स्थापन झालेलं बिब्लिकुम आहे. तिथे हिब्रू आणि ग्रीकशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या अभ्यासासाठी सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेसमोर १९१७ ची ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. २०२४ पासून या दोन्ही संस्था ग्रेगोरियानातच सामावल्या आहेत, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नका.

इटालियनची फारच धास्ती वाटत असेल तर डोमिनिकन संघाच्या आंजेलिकुमचा विचार जरूर करा. तिथे इंग्रजीतून बरंच शिकता येतं. पोप जॉन पॉल दुसरे यांची डॉक्टरेट तिथली आणि पोप लिओ चौदावे यांनी कॅनन लॉचा अभ्यासही तिथेच केला. मिशन प्रदेशांतल्या, म्हणजे भारतासारख्या देशांतल्या, विद्यार्थ्यांसाठी जानिकुलुम टेकडीवरचं उर्बानियाना आहे. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस तिथेच कॅनन लॉ शिकले. एका विद्यापीठात नाव घालून दुसऱ्यातला एखादा कोर्स घेण्याची सोयही सहसा असते, म्हणून निवड करताना घाबरून जाऊ नका. पण ज्या विषयासाठी पाठवलं जातंय त्या विषयात कोणते प्राध्यापक कुठे शिकवतात हे पाहिल्याशिवाय अर्ज भरू नका. नावापेक्षा ही चौकशी मोलाची.

पदव्यांची उतरंडही समजून घ्या. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून साधारण पाच वर्षांचा पहिला टप्पा, तो संपला की बॅचलर. त्यानंतर दोन वर्षांची लायसेन्शिएट, कॅनन लॉसाठी ती तीन वर्षांची. मग डॉक्टरेट. लायसेन्शिएट म्हणजे सेमिनरीत शिकवण्याचा परवाना, आपल्याकडचे बहुतेक फादर आणि सिस्टर त्यासाठीच जातात. ज्ञानदीपची ईशज्ञानातली बॅचलर पदवी ख्रिस्तसभेच्या शिक्षणपद्धतीत मान्य आहे. नुसती मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची बी.ए. असेल तर मात्र थेट लायसेन्शिएटला बसता येत नाही, आधी पाया पूर्ण करावा लागतो. प्रापंचिक विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. गुणपत्रकं पाठवून आपलं वर्ष कुठे धरलं जाईल हे लेखी विचारून घ्या.

इटालियन आजपासून

प्रवासाच्या आधी किमान वर्षभर रोज एक तास द्या. मुंबईत इटालियन सांस्कृतिक केंद्र आहे. खासगी शिकवण्या आहेत, ऑनलाइन वर्ग तर भरपूर. रोमला पोचायचं ते जूनच्या अखेरीस किंवा जुलैत. उन्हाळ्याचे महिने भाषेला द्यायचे आणि ऑक्टोबरात वर्ग सुरू करायचे, हा जुना आणि चांगला क्रम आहे. अनेक धर्मप्रांत आपल्या फादरांना त्यासाठी पेरुज्याच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठात पाठवतात. मला ते रोमपेक्षा बरं वाटतं. पेरुज्या लहान शहर आहे, बाजारात कोणी तुमच्याशी इंग्रजीत बोलत नाही. रोममध्ये पर्यटकांमुळे दुकानदार लगेच इंग्रजीवर येतो आणि तुमचा सराव तिथेच थांबतो.

मराठी माणसाला इथे काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत, त्या वापरा. इटालियन त आणि द अगदी आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजी वळणाचे ट आणि ड तोंडात आणू नका. ‘ग्रात्सिए’मधला आवाज म्हणजे आपल्या ‘चहा’तला च, आणि ‘चाओ’मधला म्हणजे ‘चिंच’मधला पहिला च. हे दोन च वेगळे करायला इतर भाषकांना आठवडे लागतात, तुम्हाला ते लहानपणापासून येतात. जोडाक्षरांवर मात्र जोर द्या. ‘पेना’ म्हणजे दुःख आणि ‘पेन्ना’ म्हणजे लिहायचं पेन.

वर्गात समजणं आणि बाजारात बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राध्यापक भरभर बोलतात, मधूनच लॅटिन वाक्य येतं, मध्येच जर्मन लेखकाचं नाव. त्यासाठी भारतात असतानाच इटालियन प्रवचनं आणि व्हॅटिकन रेडिओच्या बातम्या ऐका. रोजच्या मिस्सेची वाचनं इटालियनमध्ये वाचा. आशय पाठ असल्यामुळे शब्द आपोआप उलगडतात, यासारखा दुसरा सोपा मार्ग मला माहीत नाही. परीक्षा आणि लेखी काम इंग्रजीतून देण्याची सवलत बऱ्याच ठिकाणी मिळते, पण तास इटालियनमध्येच असतात. ती सवलत आहे म्हणून भाषा टाळू नका.

लॅटिनचंही थोडं. कॅनन लॉला जाणाऱ्यांना ती टाळता येणारच नाही. ईशज्ञानवाल्यांनाही मूळ दस्तऐवज वाचताना लागते. सेमिनरीत शिकलेलं व्याकरण पुसलं गेलं असेल तर वही काढा.

कागदपत्रं

या भागात नीटनेटकेपणा हाच सगळा उपाय आहे. विद्यापीठाच्या सेक्रेटरिएटला लागतात ती म्हणजे पदव्या आणि गुणपत्रकं, ती मूळ भाषेत आणि मागितली तर भाषांतरासह, पासपोर्टची प्रत, फोटो, आणि एक शिफारसपत्र. धर्मगुरूंना ते आपल्या बिशपांकडून, व्रतस्थांना (संघातल्या सिस्टर, ब्रदर, फादरांना) आपल्या वरिष्ठांकडून, आणि प्रापंचिकांना एखाद्या जबाबदार धर्मगुरूंकडून आणावं लागतं. तुमच्या राहण्याचा, जेवणाचा आणि औषधपाण्याचा खर्च कोण उचलणार याचं हमीपत्रही द्यावं लागतं. धर्मप्रांत किंवा संघ पाठवत असेल तर ते तेच देतात. प्रापंचिकांनी हे पत्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये, कारण त्यावर बिशपांच्या कार्यालयाची संमती लागते आणि तिथे तुमच्यासारखे इतरही अर्ज असतात.

हे सगळं मान्य झालं की विद्यापीठ ‘प्रेइस्क्रित्सिओने’ म्हणजे पूर्वनोंदणीचा दाखला देतं. त्यावर व्हॅटिकनच्या संस्कृती आणि शिक्षण खात्याची मोहोर उमटते आणि व्हिसासाठी तोच मुख्य कागद ठरतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचे अर्ज मुंबईच्या इटालियन महावाणिज्य दूतावासाकडे जातात, स्वीकारायचं काम व्हीएफएस ही खासगी कंपनी करते. मागायचा तो दीर्घ मुदतीचा ‘डी’ व्हिसा. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो बदलून मिळत नाही.

ऑगस्टचा विचार कॅलेंडरवर आधीच करून ठेवा. १५ ऑगस्टच्या आगेमागे रोममधली बरीच कार्यालयं बंद असतात. त्या दिवशी स्वर्गोन्नयनाचा सण असतोच, शिवाय अख्खी इटली सुट्टीवर जाते. जुलैच्या अखेरीस पाठवलेल्या ईमेलचं उत्तर सप्टेंबरात आलं तर आश्चर्य वाटू देऊ नका.

प्रत्येक कागदाच्या तीन छायाप्रती करा आणि एक संच घरच्यांकडे किंवा कॉन्व्हेंटमध्ये ठेवा. पासपोर्ट आकाराचे फोटोही भरपूर न्या, तिथे ते महाग पडतात.

राहायचं कुठे

मिशन प्रदेशांतल्या धर्मप्रांतीय फादरांसाठी सेंट पीटर आणि सेंट पॉल ही दोन कॉलेजं आहेत. विद्यार्थी सिस्टरांसाठी जानिकुलुमवर फोयर पॉल सहावे आहे. व्रतस्थ बहुधा आपल्याच संघाच्या मुख्यालयात किंवा घरात राहतात. जागा मर्यादित असतात आणि त्या धर्मप्रांतामार्फतच मागाव्या लागतात, म्हणून प्रवेशाच्या अर्जाबरोबरच निवासाचाही अर्ज करा.

प्रापंचिकांचं अवघड आहे, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. विद्यापीठ शहराच्या मधोमध आहे, तिथे भाडं परवडत नाही. सिस्टर चालवतात ती मुलींची वसतिगृहं सुरक्षित असतात आणि खोल्यांपेक्षा स्वस्तही, पण रात्री ठराविक वेळेला दार बंद होतं. खोली घेतली तर करार नोंदणीकृत आहे ना हे पाहा. रोखीत, करार न करता खोली देणाऱ्याच्या घराचा पत्ता पुढे निवास परवान्याला उपयोगी पडत नाही. शिक्षणाच्या परवान्यावर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण पहिल्या वर्षी त्या कमाईवर हिशेब मांडू नका. भाषा येईपर्यंत काम मिळणं कठीण, आणि काम मिळेपर्यंत भाषेला वेळ देणं तेवढंच गरजेचं.

आपल्या धर्मप्रांतानं फक्त फादरांना नव्हे, तर प्रापंचिकांनाही शिष्यवृत्ती द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. कुटुंब, कायदा, मानसशास्त्र या विषयांत प्रापंचिकांच्या अनुभवाला तोड नाही. तुम्ही जात असाल तर बिशपांपुढे हे मागणं ठेवायला संकोच करू नका.

पोचल्यावरचे पहिले आठवडे

फ्युमिचीनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला थेट गाडी जाते, तिचं तिकीट १४ युरो. बसनं त्याच्या निम्म्यात काम होतं. सामान जास्त आणि शहर नवं, म्हणून पहिल्या दिवशी गाडी किंवा कोणी घ्यायला येत असेल तर तेच बरं. तेर्मिनीवर आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात.

इटलीत पाऊल ठेवल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. त्याला ‘पेरमेस्सो दि सोज्जोर्नो’ म्हणतात. ज्या पोस्ट ऑफिसात ‘स्पोर्तेल्लो आमिको’ ही खिडकी असते तिथे अर्जाचं पाकीट मोफत मिळतं. ते भरून, पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती, पूर्वनोंदणीचा दाखला, विमा आणि आर्थिक हमी जोडून त्याच खिडकीवर द्यायचं. पाकीट चिकटवू नका, कर्मचारी कागद तपासतात. १६ युरोचं ‘मार्का दा बोल्लो’ हे मुद्रांक तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं. हो, तंबाखूच्याच. बसची तिकिटंही तिथेच. दुकानाबाहेर गडद पाटीवर पांढरा ‘टी’ दिसतो.

अर्ज दिल्यावर मिळणारी पावती पासपोर्टइतकी जपा. पुढे क्वेस्तूरा म्हणजे पोलीस मुख्यालयाकडून बोटांच्या ठशांची तारीख येते, आणि कार्ड हाती यायला महिने लागतात. तोवर त्या पावतीवरच सगळं चालतं. फक्त पावती हातात असताना भारतात जायचं झालं तर फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसला विमान बदलू नका. थेट विमान किंवा दुबई, दोहा अशा शेंगेनबाहेरच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांबाहेरच्या, मार्गानं जा.

मग ‘कोदिचे फिस्काले’. आपल्या पॅनसारखा हा क्रमांक करखात्याच्या कार्यालयात फुकट मिळतो. मोबाइलचं सिम, ग्रंथालय, भाडेकरार, दवाखाना, सगळीकडे तो विचारतात. आरोग्याची सरकारी नोंदणी ऐच्छिक आहे, आणि २०२४ पासून विद्यार्थ्यांना ती वर्षाला ७०० युरोला पडते. आधी ती बरीच स्वस्त होती, त्यामुळे जुने विद्यार्थी सांगतील तो आकडा धरू नका. पुष्कळ संघ त्याऐवजी खासगी विमा घेतात. मधुमेह, रक्तदाब अशी नियमित औषधं असतील तर सरकारी नोंदणीच घ्या. फॅमिली डॉक्टर मिळतो आणि तो मोठा आधार असतो.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. घरी आईबाबांना फोन करायची वेळ त्या दिवशी बदलून सांगा, नाहीतर ते उगाच काळजीत बसतात.

चौक, इमारत, परिसर

विद्यापीठ नकाशावर शोधायचं असेल तर त्रेव्ही कारंज्याकडे या. कारंज्यापाशी नाणी टाकणाऱ्यांची झुंबड असते. तिथून लुक्केसी गल्लीनं तीन मिनिटं चाललं की गोंगाट मागे पडतो आणि पिलोत्ता चौक लागतो. मेट्रोनं यायचं तर बार्बेरिनी स्टेशन. तेर्मिनीकडून येणाऱ्या बस व्हिया नात्सिओनालेवरून पिआझ्झा व्हेनेत्सियाला उतरवतात, तिथून पाच-सात मिनिटं चाल. बसचा मासिक पास ३५ युरोचा आहे, रोज जायचं असेल तर तोच काढा. बूट जाड तळव्याचे घ्या. रोमच्या गल्ल्यांतले काळे चौकोनी दगड पावसात निसरडे होतात आणि पातळ सँडल दोन महिन्यांत झिजवतात.

आत शिरलात की काचेच्या छताचं मोठं अंगण लागतं, त्याला ‘क्वाद्रिपोर्तिको’ म्हणतात. चारही बाजूंनी वर्ग आणि कार्यालयं. तासांच्या मधल्या पंधरा मिनिटांत अख्खं विद्यापीठ तिथे जमतं. शंभरहून जास्त देशांतले विद्यार्थी, सगळे मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलत असतात. इथेच थांबा. आपल्या भारतीय घोळक्यातून दिवसाला एकदा तरी बाहेर पडून कोंगोच्या सिस्टरशी किंवा पेरूच्या फादरशी बोला. भाषा इथे जितकी सुधारते तितकी वर्गात नाही, आणि चुकलेलं कोणी मनावर घेत नाही, कारण तिथे सगळेच चुकत असतात.

शहराच्या मधोमध असण्याचा खरा लाभ पायी चालण्यात आहे. दहा मिनिटांवर संत इग्नेशियस यांचं देवालय आहे, जुन्या कोलेजियो रोमानोचं. छतावर आंद्रेया पोत्सो यांनी रंगवलेला घुमट खरा वाटतो, पण तो सपाट कापडावर काढलेला आहे. संत अलॉयसियस गोंझागा याच कॉलेजचे विद्यार्थी, १५९१ साली साथीतल्या रोग्यांची सेवा करताना गेले. त्यांची कबर इथेच. थोडं पुढे जेझू हे येशूसंघाचं मुख्य देवालय आहे. गोंयकारांनी इथे पहिल्याच आठवड्यात जावं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूत ज्या संत फ्रान्सिस झेवियर यांचं शरीर आहे, त्यांचा उजवा हात या देवालयात ठेवलेला आहे. बाप्तिस्मा देणारा तो हात १६१४ साली गोव्याहून रोमला आणला गेला.

आणि विद्यापीठाच्या मागे चढ चढून गेलात की क्विरिनाल टेकडीवर संत आंद्रेया यांचं देवालय लागतं. बेर्निनी यांनी बांधलेली आजची वास्तू नंतरची, पण त्या जागी येशूसंघाचं नवशिक्यांचं घर होतं. १५७५ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज तरुण रोमला येशूसंघात आला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. मराठीच्या गोडीची स्तुती करत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचणारे, १६१६ साली राचोलला ते छापून घेणारे फादर स्टीफन्स ते हेच. मराठी विद्यार्थ्यानं या टेकडीवर एकदा निवांत जाऊन प्रार्थना करावी असं मला फार वाटतं.

लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आला की ‘स्टेशन’ देवालयांची परंपरा चुकवू नका. राखेच्या बुधवारी सांता साबिनापासून सुरुवात होते आणि ईस्टरपर्यंत रोज एका वेगळ्या प्राचीन देवालयात मिस्सा होते. पहाटे अमेरिकन सेमिनरीचे विद्यार्थी इंग्रजीतून मिस्सा करतात, कोणीही जाऊ शकतं. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला वर्ग कुठेही मिळणार नाही. चौथ्या-पाचव्या शतकाच्या तपशिलांवर वाचलेलं पान सकाळच्या थंडीत त्याच भिंतींमध्ये उभं राहून आठवतं.

जेवणाचं

कॉलेजात पास्ता रोज असतो आणि काही दिवसांनी जीभ भाताला आणि आमटीला तरसते. तेर्मिनीजवळ पिआझ्झा वित्तोरिओच्या मागे एस्क्विलीनो बाजार आहे. हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, तूरडाळ, बासमती, नारळ, भेंडी, सगळं मिळतं. दुकानदार बरेचसे बांगलादेशी, हिंदी समजतात. मसाले मात्र घरून आणा. वसईच्या बाटली मसाल्याला तिथे पर्याय नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून घ्या, टेबलावर बसलात की भाव वाढतो. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि पाणी उत्तम असतं.

तास, ग्रंथालय, परीक्षा

सप्टेंबरात प्रत्यक्ष नावनोंदणी होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पवित्र आत्म्याच्या मिस्सेनं वर्ष उघडतं. सकाळचा पहिला तास साडेआठला, प्रत्येक तास पंचेचाळीस मिनिटांचा. दुपारी बहुधा सेमिनार. पहिलं सत्र जानेवारीत संपतं आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात, दुसरं मे अखेरीस संपून जूनमध्ये परीक्षा.

पहिल्या सत्रात कमीत कमी कोर्स घ्या. नियमात बसत असतील तेवढेच. पत्र पाठवणाऱ्या वरिष्ठांना घाई असते, दोन वर्षांत परत या असं त्यांनी सांगितलेलं असतं, तरी हा सल्ला मी पुन्हा देईन. दोन कोर्स पुढच्या सत्रावर टाकले तर काही बिघडत नाही, पण भाषा कच्ची असताना सात विषय घेतले तर सातही अर्धवट राहतात. आठवड्यातून एक सेमिनार निवडाच. तिथे लहान गटात बोलावं लागतं आणि प्राध्यापक तुम्हाला ओळखू लागतात.

ग्रंथालयात आठ लाखांच्या आसपास ग्रंथ आहेत. कार्ड काढल्याच्या दिवशीच एखाद्या कर्मचाऱ्याकडून कॅटलॉग कसा शोधायचा ते शिकून घ्या. बरीच पुस्तकं मागणीपत्र देऊन बसल्या जागी मागवावी लागतात. विद्यापीठाच्या अभिलेखागारात क्लाव्हियस आणि अथानासियस किर्शर यांना जगभरातून आलेली पत्रं आहेत. इतिहास घेतला असेल तर तिथे जाण्यासाठी आधी मार्गदर्शकांची चिठ्ठी घ्या.

परीक्षा बहुतेक तोंडी असतात, आणि आपल्याकडच्या लेखी परीक्षेची सवय असलेल्याला हे फार जड जातं. प्राध्यापकांसमोर बसायचं, ते ‘तेसारिओ’ म्हणजे मुद्द्यांच्या यादीतला एक मुद्दा देतात, आणि दहा-पंधरा मिनिटं तुम्ही बोलायचं. गुण दहापैकी, सहा म्हणजे पास. तयारीसाठी यादीतल्या प्रत्येक मुद्द्यावर एकेक पान इटालियनमध्ये लिहा, मग पान बाजूला ठेवून मोठ्यानं बोला. सोबतीला एखादा इटालियन किंवा स्पॅनिश विद्यार्थी मिळाला तर उत्तम, तो तुमचं व्याकरण सुधारेल आणि तुम्ही त्याला एखादं इंग्रजी पुस्तक समजावाल. प्राध्यापकांना ‘लेइ’ म्हणायचं, ‘तू’ नाही. येशूसंघीय असतील तर ‘पाद्रे’ चालतं, बाकीच्यांना ‘प्रोफेसोरे’. परीक्षेची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. तिची मुदत चुकली तर कितीही अभ्यास असो, त्या सत्रात परीक्षा देता येत नाही. मुदत कधी संपते ते वर्ष सुरू होतानाच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

लायसेन्शिएटच्या प्रबंधाचा विषय दुसऱ्या सत्राच्या अखेरीस पक्का व्हायला हवा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती जीवनाशी जोडलेला विषय घ्यायला लाजू नका. वसईतल्या सामवेदी बोलीतली प्रार्थनागीतं असोत की दलित ख्रिस्ती बांधवांचा बाप्तिस्म्याचा अनुभव असो, रोमच्या ग्रंथालयांत त्यावर फारसं काही नसतं आणि मार्गदर्शकांना ते ऐकायचं असतं. मात्र मूळ साहित्य मराठीत असेल तर ते वाचू शकणारा परीक्षक मिळेल का, उताऱ्यांचं भाषांतर किती द्यावं लागेल, हे मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलात की ते साहित्य गोळा करून, स्कॅन करून सोबत न्या, आणि त्याच सुट्टीत निवास परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख पुन्हा एकदा तपासा. अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी करायचा असतो.